माळ्यावरचा कॉम्प्युटर खाली काढू या!



आज एक प्रश्न विचारते. खरं खरं उत्तर द्यायचं हं! तुमच्या घरी माळ्यावर, दिवाणाखाली किंवा कपाटाच्या डोक्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेला एखादा कॉम्प्युटर आहे का? ताईच्या बारावीच्या वेळी घेतलेला? बटण दाबून आंघोळ करून यावं, तरी अजून ‘थांबा’च म्हणणारा?

बहुतेकांचे हात वर आले असतील. आणि बहुतेकांच्या घरी यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी म्हणालंही असेल, “द्या तो भंगारवाल्याला एकदाचा!”

थांबा. इतक्यात देऊ नका. आज आपण त्याच कॉम्प्युटरवर लिनक्स घालायला शिकणार आहोत. लिनक्स म्हणजे काय, ते आलं कुठून, आणि ते फुकट कसं काय मिळतं, हे आधी समजून घेऊ. मग कृती.

कॉम्प्युटर म्हातारा का होतो?

आमच्या वर्गात हा प्रश्न मी विचारला, तेव्हा एकजण म्हणाला, “बाई, तो झिजतो.” त्याच्या शेजारचा म्हणाला, “नाही बाई, व्हायरस जातो.” तिसऱ्याच्या वडिलांचं रिक्षादुरुस्तीचं गॅरेज आहे. तो म्हणाला, “बाई, रिक्षात तीनऐवजी आठ माणसं बसवली तर रिक्षा हळूच चालणार ना? त्यात रिक्षाचा काय दोष?”

अगदी बरोबर! तुमच्यापैकी जे आपल्या छत्रपती संभाजीनगरला राहतात किंवा सहलीला येऊन गेलेत, त्यांनी पाणचक्की पाहिली असेल. डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलेलं पाणी उंचावरून पडायचं, त्या जोरावर जातं फिरायचं आणि वाटसरूंसाठी पीठ दळलं जायचं. आता विचार करा. जातं आहे, पाणीही आहे. पण पाणी किती सोडायचं, दाणे किती टाकायचे, कुणाचं दळण आधी घ्यायचं, हे कोण ठरवणार? त्याला एक माणूस लागणारच.

कॉम्प्युटरमध्ये हे काम करणाऱ्या प्रोग्रामला म्हणतात ऑपरेटिंग सिस्टिम. तुम्ही कळ दाबली की ते अक्षर पडद्यावर नेणं, फाईल जपून ठेवणं, गाणं आणि चित्र एकाच वेळी चालवणं, सगळ्यांना पाळीपाळीने वेळ देणं, ही सगळी उठाठेव तीच करते. विंडोज ही एक ऑपरेटिंग सिस्टिम. लिनक्स ही दुसरी.

गंमत अशी की, दरवर्षी ऑपरेटिंग सिस्टिमच्या अंगावर नवेनवे दागिने चढतात. ती मोठी होते, जड होते. जातं मात्र तेच राहतं. मग आपण म्हणतो, “कॉम्प्युटर म्हातारा झाला!”

त्यात अलीकडे आणखी एक अडचण आली. विंडोज 10 या प्रकाराला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. पुढचा प्रकार म्हणजे विंडोज 11. त्याला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. साधारण 2017 च्या आधीचे बहुतेक कॉम्प्युटर त्या यादीत बसतच नाहीत. म्हणजे यंत्र धडधाकट, पण त्याला नवी विंडोज घेता येत नाही आणि जुनीवर राहणं धोक्याचं. अशा वेळी लिनक्स कामाला येतं.

फिनलंडमधला एक विद्यार्थी

लिनक्सची गोष्ट सुरू होते 1991 मध्ये. फिनलंड देशातल्या हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा 21 वर्षांचा एक विद्यार्थी होता. त्याने 386 प्रोसेसरचा एक कॉम्प्युटर घेतला होता. त्याची मेमरी, म्हणजे रॅम, किती होती माहीत आहे? फक्त 4 एमबी! तुमच्या माळ्यावरच्या कॉम्प्युटरची रॅम 2 जीबी असेल, तर ती झाली 2048 एमबी. करा पाहू भागाकार. उत्तर येतं 512. म्हणजे ज्याला आपण ‘डबडं’ म्हणतो, त्याची मेमरी लिनसच्या कॉम्प्युटरच्या 512 पट आहे!

विद्यापीठातल्या मोठ्या यंत्रांवर युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम चालायची. तसं काहीतरी आपल्या घरच्या छोट्या यंत्रावर चालावं म्हणून लिनसने स्वतःच लिहायला घेतलं. 25 ऑगस्ट 1991 रोजी त्याने इतर कॉम्प्युटरवाल्यांना कळवलं, की मी असं असं करतोय, तुम्हाला त्यात काय हवं ते सांगा. सप्टेंबरात पहिली आवृत्ती निघाली. आणि मग जगभरातून माणसं मदतीला आली. कुणी चूक दाखवली, कुणी दुरुस्त केली, कुणी नवा भाग जोडला. चिमुकला पेंग्विन हे लिनक्सचं बोधचिन्ह 1996 चं. त्याचं नाव टक्स.

लिनक्स हा खरं तर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्याच्याभोवती लागणारे अनेक प्रोग्राम आधीपासून तयार होत होते. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ‘ग्नू’ नावाचं काम जाहीर केलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की प्रोग्राम वापरणाऱ्याला चार गोष्टींची मोकळीक हवी: तो चालवण्याची, तो आतून कसा आहे हे पाहण्याची, त्यात बदल करण्याची आणि तो दुसऱ्याला देण्याची. लिनसने 1992 मध्ये आपलं लिनक्सही ग्नूच्याच परवान्याखाली आणलं.

आता नीट लक्ष द्या, कारण आजच्या धड्यातली महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

आपल्याकडे कितीतरी घरांत विकतचे प्रोग्राम कुणाच्या तरी सीडीवरून उतरवून घेतलेले असतात. “सगळेच करतात,” असं म्हणून आपण ते चालवून घेतो. पण ज्याने कष्ट करून वस्तू बनवली आणि ‘हिच्या प्रती काढू नका’ असं सांगितलं, तिच्या प्रती काढणं ही चोरीच. लिनक्सचं उलटं आहे. ते बनवणारेच सांगतात, घ्या, वापरा, मित्रालाही द्या. एका दिव्याने दुसरा दिवा लावला म्हणून पहिल्याचा उजेड कमी होतो का? तसंच हे. तुमच्या पेनड्राइव्हवरचं लिनक्स तुम्ही अख्ख्या आळीला दिलंत, तरी तुम्हाला कुणापासून काही लपवावं लागणार नाही. ज्याच्या घरी नवीन कॉम्प्युटर घ्यायला पैसे नाहीत, त्यालाही मान खाली न घालता कॉम्प्युटर वापरता येईल. मला तरी ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आपल्या महाराष्ट्रातली शाळा

“पण बाई, हे मोठ्या इंजिनियरांचं काम असेल!” असं वाटतंय ना? मग रायगड जिल्ह्यात चला. कर्जत तालुक्यात खैरात नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या पहिली ते चौथीच्या छोट्या शाळेत 2007 मध्ये मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ‘एक्सओ’ लॅपटॉप मिळाले. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमातला तो भारतातला पहिला प्रयोग होता. त्या लॅपटॉपची रॅम होती फक्त 256 एमबी आणि फायली ठेवायची जागा 1 जीबी. आजचा साधा मोबाइलसुद्धा त्याच्या कितीतरी पुढे आहे. पण त्यावर लिनक्स चालायचं, आणि खेड्यातली प्राथमिक शाळेतली मुलं त्यावर लिहायची, चित्रं काढायची, फोटो टिपायची.

त्याच वर्षी सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाचं भारतीय लिनक्स आणलं. त्यात मराठीसह भारतीय भाषांची सोय केलेली आहे. केरळमधल्या सरकारी शाळांत तर मुलं कॉम्प्युटर शिकतात तीच लिनक्सवर. आणि मोठ्यांचं म्हणाल, तर जगातल्या सर्वांत वेगवान 500 महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे नोव्हेंबर 2017 पासून लिनक्सवर चालतात. मंगळावर 19 एप्रिल 2021 रोजी उडालेल्या ‘इन्जेन्युइटी’ या छोट्या हेलिकॉप्टरमध्येही लिनक्सच होतं. तुमच्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. म्हणजे तुम्ही ते रोज वापरताच. फक्त ओळख झाली नव्हती!

चला, करून पाहू

साहित्य: जुना कॉम्प्युटर, 8 जीबीचा एक रिकामा पेनड्राइव्ह, इंटरनेट असलेला दुसरा चालू कॉम्प्युटर (मामाचा, शेजारच्या दादाचा चालेल), एक मऊ ब्रश, वही-पेन, आणि शेजारी बसायला घरातलं एक मोठं माणूस. शेवटचं साहित्य विसरायचं नाही.

1. धूळ झाडा. आपल्या मराठवाड्यात धूळ आणि उन्हाळा, दोन्ही भरपूर. पंख्यावर धूळ बसली की प्रोसेसर तापतो आणि तापला की स्वतःहून हळू चालतो. वायर भिंतीतून काढा, मोठ्या माणसाकडून डबा उघडून घ्या आणि ब्रशने हलक्या हाताने धूळ काढा. ओलं फडकं नको. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कुणीही उघडायची नाही. वायर काढल्यावरही तिच्यात वीज साठलेली असू शकते.

2. कुंडली पाहा. कॉम्प्युटर चालू करून ‘धिस पीसी’वर माऊसचं उजवं बटण दाबा आणि ‘प्रॉपर्टीज’ निवडा. रॅम किती, आणि प्रोसेसर 32 बिटचा की 64 बिटचा, हे वहीत लिहा. 64 बिट आणि निदान 2 जीबी रॅम असेल, तर ‘लिनक्स मिंट’चा ‘एक्सएफसीई’ हा हलका प्रकार घ्या. 4 जीबी असेल तर उत्तमच. ‘लुबंटू’ हाही हलका आणि चांगला आहे. 32 बिटच्या फार जुन्या यंत्रांसाठी ‘अँटीएक्स’सारखे आणखी हलके प्रकार आहेत. हे सगळे लिनक्सच, बरं का. पुरणपोळी, सांज्याची पोळी, गुळपोळी. आत कणीक एकच!

3. आधी जपून ठेवा, मग पुढे जा. हे वाक्य वहीत लाल शाईने लिहा. लिनक्स घालताना हार्डडिस्क पुसली जाते. पुसलेलं पुन्हा मिळेलच असं नाही. आजोबांच्या एकसष्टीचे फोटो, ताईचा प्रोजेक्ट, बाबांची कागदपत्रं, सगळं दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या आणि तिथे उघडून पाहा. घरातल्या प्रत्येकाला विचारा, “यात तुमचं काही आहे का?” सगळ्यांनी ‘नाही’ म्हटल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावायचा नाही.

4. लिनक्स उतरवून घ्या. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच फाईल घ्या. ती साधारण 3 जीबीची असते. तिच्या नावाच्या शेवटी ‘आयएसओ’ असतं. मोठ्या मुलांसाठी एक जास्तीचं काम: संकेतस्थळावर फाईलचा तपासणी-आकडा दिलेला असतो. फाईलमधला एक कण जरी बदलला, तरी तो आकडा पार बदलतो. 2016 च्या फेब्रुवारीत चोरट्यांनी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावरच घुसून लोकांना बनावट फाईल दिली होती. ज्यांनी खरा आकडा ताडून पाहिला असेल, त्यांना ती लगेच ओळखता आली असती.

5. पेनड्राइव्ह तयार करा. फाईल नुसती पेनड्राइव्हवर टाकून चालत नाही. ‘रुफस’ नावाचा छोटा मोफत प्रोग्राम ती योग्य पद्धतीने लिहितो. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

6. पेनड्राइव्हवरून सुरू करा. पेनड्राइव्ह जुन्या कॉम्प्युटरला लावा. तो चालू केल्याबरोबर एक ठरावीक कळ पटापट दाबायची. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक यंत्रांत ती एफ 12 असते. एचपीत आधी एस्केप, मग एफ 9. एक यादी दिसेल, तीतून पेनड्राइव्ह निवडा.

7. आधी चव घ्या. थोड्या वेळाने पडद्यावर लिनक्स दिसेल. पण अजून ते कॉम्प्युटरमध्ये गेलेलं नाही! ते पेनड्राइव्हवरून चालतंय. हार्डडिस्कला अजून धक्काही लागलेला नाही. आवाज येतो का, वायफाय लागतं का, प्रिंटर ओळखला जातो का, सगळं तपासा. वायफाय लागलं नाही तर इंटरनेटची वायर लावून पाहा. पसंत नाही पडलं तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज होती तशी आहे.

8. आता घाला. पसंत पडलं? मग पडद्यावरच्या ‘इन्स्टॉल’च्या चित्रावर दोनदा क्लिक करा. भाषांची यादी येईल, तीत ‘मराठी’सुद्धा सापडेल. पुढे ‘इरेज डिस्क’ असा पर्याय येईल, म्हणजे डिस्क पुसून टाका. इथे मोठ्या माणसाला पुन्हा एकदा तिसरी पायरी विचारा. बाहेरून लावलेली दुसरी डिस्क असेल तर आधी काढून ठेवा. मग नाव आणि पासवर्ड द्या. अर्ध्या तासात, फार जुन्या यंत्रावर जरा जास्त वेळात, काम होतं. मध्ये लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, म्हणून भारनियमनाची वेळ टाळा.

9. पहिल्या दिवसाची कामं. ‘अपडेट मॅनेजर’ उघडून नव्या दुरुस्त्या घ्या. मग कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडा. ‘मराठी’ हा शब्द लिहायला सी, जे, ई, मग शिफ्ट धरून अवतरणचिन्हाची कळ आणि शेवटी आर. जमलं? हीच मांडणी इतर भारतीय भाषांनाही आहे. ज्या कळेवर आपला ‘क’, त्याच कळेवर गुजराती आणि कानडी ‘क’!

आता यावर करायचं काय?

लिहायला, हिशेबाला ‘लिबरऑफिस’ मिंटमध्ये आधीच असतं. धाकट्या भावंडांसाठी ‘जीकॉम्प्री’ घ्या. त्यात अंकांचे, अक्षरांचे, विज्ञानाचे शंभराहून जास्त खेळ आहेत. या नावाचा उच्चार फ्रेंच भाषेत ‘मला समजलं’ या वाक्यासारखा आहे. किती छान नाव! चित्रं काढायला ‘टक्स पेंट’. रात्रीचं आकाश पाहायला ‘स्टेलेरियम’. त्यात आपल्या गावाचं नाव घालून आज मृग नक्षत्र कुठे दिसेल ते शोधा आणि मग गच्चीवर जाऊन ताडून पाहा. हे सगळं मोफत, आणि मित्राला द्यायलाही मोकळं.

एक खरी गोष्ट सांगून ठेवते. लिनक्स घातलं म्हणून जुना कॉम्प्युटर नवा होत नाही. 2 जीबी रॅमवर इंटरनेटची पंधरा पानं एकदम उघडलीत तर तो अडखळणारच. दोन-तीन पानं उघडा, छान चालेल. आणखी वेग हवा असेल तर जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवून घ्या. फिरत्या डिस्कवर एक सुई इकडून तिकडे धावत माहिती शोधते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तो वेळ वाचतो.

पालकांसाठी दोन शब्द

टॅली किंवा मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांसारखे विंडोजसाठी बनवलेले प्रोग्राम लिनक्सवर सरळ चालत नाहीत. त्यावर तुमचा रोजचा व्यवसाय अवलंबून असेल, तर तो कॉम्प्युटर तसाच राहू द्या. दुसरी अडचण खास आपल्या मराठी घरांतली. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फायली तो फाँट नसेल तर अगम्य अक्षरांत दिसतात. डिस्क पुसण्यापूर्वी अशा फायली युनिकोडमध्ये करून घ्या, किंवा निदान त्यांची पीडीएफ करून ठेवा. आणि यंत्र खरोखरच निकामी झालं असेल, तर ते उघड्यावर फेकू नका, जाळू तर मुळीच नका. आतल्या शिसे वगैरे धातूंपासून मुलांनाच अपाय होतो. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्या.

मुलाला हे काम करू द्या, पण शेजारी बसा. एक दुपार जाईल. पण कॉम्प्युटर म्हणजे नुसता गेम खेळायचा डबा नव्हे, तो आपल्याला उघडता येतो, समजून घेता येतो, हे त्याला त्या दुपारी कळेल. ते वर्गात पाटीवर लिहून शिकवता येत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

माळ्यावरच्या कॉम्प्युटरची रॅम, प्रोसेसर आणि हार्डडिस्क किती, ते वहीत लिहा. मग ज्यांच्याकडे जमेल त्यांनी सातव्या पायरीपर्यंतच जा, म्हणजे नुसती चव घ्या. पुढचं घरच्यांशी बोलून ठरवा. ज्यांच्या घरी कॉम्प्युटरच नाही, त्यांनी शाळेच्या कोठीच्या खोलीत डोकावा आणि मुख्याध्यापकांना विचारा, “सर, तो बंद पडलेला कॉम्प्युटर आम्ही तुमच्यासमोर तपासून पाहू का?”

आणि एकाचं काम झालं की त्याने तो पेनड्राइव्ह खिशात घालून बसायचं नाही हं. पुढच्या घरी द्यायचा!

तुमच्या बाई